आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये

डॉ. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये (६ फेब्रुवारी १९०६, सदलगा – ऑक्टोबर १९७५, कोल्हापूर) हे प्राकृत, अपभ्रंश व संस्कृत भाषांचे पंडित, जैन वाङ्मयाचे संशोधक आणि ग्रंथसंपादक होते. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात त्यांनी १९३० ते १९६२ या काळात अर्धमागधीचे अध्यापन केले. तत्त्वज्ञानविषयक ग्रंथांचे संपादक म्हणून त्यांची ख्याती आहे. त्याचबरोबर, विद्याधर, यक्ष, गंधर्व, राक्षस आणि नाग यांनी गजबजलेल्या प्राचीन भारतीय अद्भुतकथांच्या विश्वाचा शास्त्रशुद्ध अभ्यास करणाऱ्या विसाव्या शतकातील अग्रगण्य विद्वानांत त्यांची गणना होते. धूर्ताख्यान, लीलावई, कुवलयमाला आणि बृहत्कथाकोश या कथाग्रंथांचे आजचे वाचन मुख्यतः त्यांच्या संपादनांवर व चिकित्सेवर आधारलेले आहे. यांपैकी पहिले तीन ग्रंथ महाराष्ट्री प्राकृताशी निगडित असल्यामुळे मराठी भाषेच्या पूर्वेतिहासातही त्यांना महत्त्वाचे स्थान आहे.

जीवन

उपाध्ये यांचा जन्म तत्कालीन बेळगाव जिल्ह्यातील चिकोडी तालुक्यात, दूधगंगेच्या काठी वसलेल्या सदलगा या गावी जैन पुरोहितांच्या घराण्यात झाला. कन्नड आणि मराठी या दोन्ही भाषा बोलल्या जाणाऱ्या या सीमाभागात त्यांची जडणघडण झाली. परशुराम लक्ष्मण वैद्य यांच्याकडे त्यांनी प्राकृताचा अभ्यास केला. १९३० मध्ये मुंबई विद्यापीठाची एम.ए. पदवी मिळविल्यानंतर त्याच वर्षी ते राजाराम महाविद्यालयात रुजू झाले. त्यापुढील बत्तीस वर्षे कोल्हापूर हेच त्यांच्या अध्यापनाचे व संशोधनाचे केंद्र राहिले.

कुंदकुंदाचार्यांच्या प्रवचनसार या ग्रंथाची त्यांनी सिद्ध केलेली आवृत्ती १९३५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या विस्तृत प्रस्तावनेमुळे ते देशापरदेशांतील विद्वानांच्या परिचयाचे झाले. १९३९ मध्ये मुंबई विद्यापीठाने त्यांना डी.लिट. ही पदवी दिली. पुढे ते याच विद्यापीठाचे स्प्रिंगर संशोधन अधिछात्र होते.

१९६२ मध्ये राजाराम महाविद्यालयातून ते निवृत्त झाले आणि त्याच वर्षी कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाची स्थापना झाली. या विद्यापीठाच्या कला शाखेचे अधिष्ठातापद त्यांनी भूषविले. १९६८ मध्ये तेथे झालेले प्राकृत अध्ययनविषयक चर्चासत्र त्यांच्या पुढाकाराने भरले होते. १९६६ च्या अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषदेच्या अलीगढ अधिवेशनाचे ते सर्वाध्यक्ष होते. १९६७ मध्ये श्रवणबेळगोळ येथील कन्नड साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांना लाभले. १९७१ पासून म्हैसूर विद्यापीठात जैनविद्या व प्राकृत या विषयांचे प्राध्यापक म्हणून त्यांनी काम केले. कोल्हापुरात त्यांचे निधन झाले. त्यांच्या निवडक लेखांचा संग्रह म्हैसूर विद्यापीठाने मरणोत्तर प्रसिद्ध केला.

कथाविश्वाच्या अभ्यासाची पार्श्वभूमी

प्राचीन भारतीय अद्भुतकथांची परंपरा सातवाहनांच्या प्रतिष्ठान नगरीशी, म्हणजे आजच्या पैठणशी, जोडलेली आहे. आख्यायिकेनुसार सातवाहन राजाच्या दरबारातील गुणाढ्य याने पैशाची भाषेत बृहत्कथा रचली. मूळ ग्रंथ लुप्त झाला असला, तरी आकाशगामी विद्याधर, त्यांची नगरे, शापाने राक्षस झालेले गंधर्व आणि मानवाच्या प्रेमात पडलेल्या यक्षकन्या हे त्याचे विश्व पुढील कवींनी पुनःपुन्हा वापरले. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने रचलेले कथासरित्सागर हे त्याचे सर्वांत परिचित रूप होय. जैन लेखकांनीही हे विश्व स्वीकारले व त्याला कर्मसिद्धांताची चौकट दिली. संघदासगणींच्या वसुदेवहिंडी या प्राकृत ग्रंथात बृहत्कथेचे जैन रूपांतर जतन झाले आहे, हे जर्मन विद्वान लुडविग आल्सडोर्फ यांनी १९३५ मध्ये दाखवून दिले.

उपाध्ये यांनी कामास प्रारंभ केला त्या वेळी या वाङ्मयाचा बराचसा भाग मठांतील व ग्रंथभांडारांतील हस्तलिखितांतच होता. हर्मान याकोबी, योहानेस हेर्टेल आदी पाश्चात्त्य विद्वानांनी जैन कथांचे महत्त्व ओळखले होते, तथापि त्यांचे लक्ष प्रामुख्याने श्वेतांबर परंपरेकडे होते. दक्षिणेतील दिगंबर परंपरेचे कथाग्रंथ तुलनेने दुर्लक्षित होते. कोल्हापुरात राहणाऱ्या संशोधकाला ही सामग्री जवळ होती. सातव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या जटासिंहनंदी या कवीचे वरांगचरित हे संस्कृत काव्य नंतरच्या लेखकांच्या उल्लेखांवरूनच माहीत होते. कोल्हापूरच्या लक्ष्मीसेन मठातील ताडपत्री हस्तलिखिताच्या साहाय्याने उपाध्ये यांनी ते प्रकाशात आणले. त्याची संपादित आवृत्ती १९३८ मध्ये मुंबईच्या माणिकचंद्र दिगंबर जैन ग्रंथमालेत निघाली.

बृहत्कथाकोश

हरिषेणाचा बृहत्कथाकोश हा इ. स. ९३१–३२ मध्ये वर्धमानपुरात रचलेला संस्कृत पद्य कथासंग्रह असून त्यात १५७ कथा आहेत. उपाध्ये यांची आवृत्ती १९४३ मध्ये सिंघी जैन ग्रंथमालेत प्रसिद्ध झाली. मुनी जिनविजय हे या मालेचे प्रधान संपादक होते.

या कथा स्वतंत्र मनोरंजनासाठी लिहिलेल्या नसून शिवार्यांच्या भगवती आराधना या प्राकृत ग्रंथातील दृष्टान्तांचा विस्तार आहेत. आराधनेच्या एखाद्या गाथेत केवळ नावाने सूचित केलेल्या व्यक्तीची संपूर्ण कथा कोशात सापडते. उपाध्ये यांनी आपल्या प्रस्तावनेत हा संबंध तपशीलवार मांडला. तसेच संस्कृत, प्राकृत, अपभ्रंश व कन्नड भाषांतील सजातीय कथासंग्रहांशी त्याची तुलना केली. एकच कथा शतकानुशतके भाषा बदलत कशी फिरते, कोणता तपशील टिकतो आणि कोणता गळतो, याचे चित्र त्यामुळे स्पष्ट झाले. धाराशिवच्या लेण्यांशी जिचा संबंध जोडला जातो ती करकंडू राजाची कथाही या कोशात आहे. जैन कथावाङ्मयाचा आढावा म्हणून ही प्रस्तावना स्वतंत्रपणे वाचली जाते.

धूर्ताख्यान

आठव्या शतकातील हरिभद्रसूरी यांचे धूर्ताख्यान हे महाराष्ट्री प्राकृतातील उपहासात्मक काव्य आहे. उज्जयिनीच्या एका उद्यानात पावसाळ्यात पाच धूर्तनायक आपापल्या परिवारासह अडकून पडतात. मूलश्री, कंडरीक, एलाषाढ, शश आणि खंडपाना ही त्यांची नावे असून खंडपाना ही स्त्री आहे. प्रत्येकाने आपला एक अनुभव सांगावा आणि इतरांनी रामायण, महाभारत किंवा पुराणे यांतील दाखला देऊन तो खरा ठरवावा, असे ठरते. जो तो अनुभव खोटा म्हणेल त्याने सर्वांना भोजन द्यावयाचे, अशी पैज असते. हत्तीच्या भीतीने आपण कमंडलूत शिरलो, हत्तीही पाठोपाठ आत आला आणि सहा महिने आतच पाठलाग चालला, असे मूलश्री सांगतो. श्रोत्यांना त्यालाही पौराणिक आधार सापडतो.

शेवटी खंडपाना सर्वांना निरुत्तर करते. माझे सेवक माझी वस्त्रे घेऊन पळाले, ते सेवक तुम्हीच आणि अंगावरची वस्त्रेही तीच, असे ती म्हणते. तिचे म्हणणे मान्य केले तर इतर धूर्त तिचे दास ठरतात. अमान्य केले तर त्यांना भोजन द्यावे लागते. धूर्त तिचे श्रेष्ठत्व कबूल करतात. त्यानंतर तीच एका श्रीमंत व्यापाऱ्याला फसवून भोजनाची सोयही करते.

या ग्रंथावरील उपाध्ये यांचा चिकित्सक अभ्यास १९४४ मध्ये जिनविजयांच्या आवृत्तीसोबत सिंघी ग्रंथमालेत प्रसिद्ध झाला. ग्रंथाचा विषय नाजूक होता, कारण एका धर्मपरंपरेतील कवीने दुसऱ्या परंपरेच्या पवित्र कथांवर केलेला हा उपहास होता. उपाध्ये यांनी तो संप्रदायाच्या वादात न ओढता वाङ्मयीन कृती म्हणून तपासला. काव्यात आलेल्या पौराणिक संदर्भांचा त्यांनी मागोवा घेतला. कथेचे जुने संक्षिप्त रूप निशीथचूर्णीत आढळते, हे ध्यानात घेऊन हरिभद्रांनी त्यात काय भर घातली, याचा त्यांनी विचार केला. धर्मपरीक्षा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रंथांशीही त्यांनी तिची तुलना केली. त्यांत हरिषेण या दुसऱ्या कवीचा इ. स. ९८८ मधील अपभ्रंश ग्रंथ आणि अमितगतीचा इ. स. १०१४ मधील संस्कृत ग्रंथ यांचा समावेश होतो. कल्पित विश्वालाही स्वतःचे नियम असतात आणि त्या नियमांची चर्चा हाच कथेचा विषय होऊ शकतो, याचे धूर्ताख्यान हे भारतीय वाङ्मयातील एक जुने उदाहरण आहे.

लीलावई

कोऊहल या कवीची लीलावई (लीलावती) ही इ. स. ८०० च्या सुमाराची प्रेमकथा तेराशेहून अधिक गाथांची आहे. कवी जैन नव्हता. आपली कथा मरहट्ठ देशाच्या भाषेत रचल्याचे तो स्वतः नमूद करतो. देव आणि माणसे या दोहोंचा वावर असल्याने या कथेला दिव्य-मानुषी म्हटले जाते.

प्रतिष्ठानचा राजा सातवाहन हा नायक आणि सिंहलद्वीपाची राजकन्या लीलावती ही नायिका आहे. त्यांच्या विवाहाआड आणखी दोन प्रेमकथा येतात. यक्षकन्या महानुमती आणि सिद्धकुमार माधवानिल यांची ताटातूट झालेली असते. अप्सरा रंभेची कन्या कुवलयावली हिचा प्रियकर, गंधर्व चित्रांगद, शापामुळे भीषणानन नावाचा राक्षस झालेला असतो. सख्यांचे दुःख दूर झाल्याशिवाय विवाह करावयाचा नाही, असा लीलावतीचा निश्चय असतो. राजा नागार्जुनाबरोबर पाताळात उतरून माधवानिलाला सोडवितो. राक्षसाशी झालेल्या युद्धात त्याच्या प्रहाराने शाप संपतो व चित्रांगद मूळ रूपात येतो. अखेरीस तिन्ही जोडप्यांचे मीलन होते. कथेतील बराचसा भाग गोदावरीच्या परिसरात घडतो.

उपाध्ये यांनी एका अज्ञात जैन लेखकाच्या संस्कृत टीकेसह सिद्ध केलेली लीलावईची आवृत्ती १९४९ मध्ये प्रसिद्ध झाली. प्रस्तावनेत त्यांनी कवीचे नाव व काळ, कथेची रचना, पात्रांची परस्परनाती, छंद आणि भाषेची वैशिष्ट्ये यांची चर्चा केली. कथेतील सातवाहन आणि इतिहासातील सातवाहन यांच्यातील अंतर त्यांनी जाणीवपूर्वक राखले. काव्यातील राजा हा गाथासप्तशतीच्या हालाच्या कीर्तीतून घडलेला नायक असून त्याच्या पराक्रमांना इतिहासाचा पुरावा मानता येत नाही. अजैन कवीचे हे काव्य जैन ग्रंथभांडारांमुळे टिकून राहिले, ही बाबही या आवृत्तीमुळे सर्वांसमोर आली.

कुवलयमाला

उद्योतनसूरी यांनी जालोर येथे इ. स. ७७९ मध्ये, शक ७०० संपण्यास एक दिवस उरला असता, कुवलयमाला पूर्ण केली. गद्य-पद्यमिश्रित अशी ही विशाल प्राकृत कथा आहे. अयोध्येचा राजपुत्र कुवलयचंद्र याला एक घोडा आकाशमार्गे उचलून नेतो. अरण्यात त्याला एका मुनीकडून पाच जीवांची कहाणी कळते. क्रोध, मान, माया, लोभ आणि मोह यांच्या आहारी गेलेले चंडसोम, मानभट, मायादित्य, लोभदेव व मोहदत्त हे पाच जण अनेक जन्मांत एकमेकांना भेटत जातात. दक्षिणेतील विजयापुरीची राजकन्या कुवलयमाला हिने अपूर्ण श्लोक पूर्ण करणाऱ्यालाच वरण्याचा पण केलेला असतो. तिचा आणि कुवलयचंद्राचा संबंधही पूर्वजन्मीच्या या साखळीतला असतो.

या ग्रंथाच्या दोनच हस्तलिखितांवर उपाध्ये यांना पाठनिश्चिती करावी लागली. एक जैसलमेरच्या भांडारातील विक्रम संवत ११३९ मधील ताडपत्री प्रत होती, तर दुसरी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील कागदी प्रत होती. दोन्ही प्रतींत पाठभेद विपुल असल्याने प्रत्येक ठिकाणी भाषा, छंद व अर्थ यांचा विचार करून पाठ निवडणे आवश्यक होते. मूळ ग्रंथ १९५९ मध्ये पहिल्या भागात निघाला. प्रस्तावना, टिपा आणि रत्नप्रभसूरींचे संस्कृत रूपांतर यांचा समावेश असलेला दुसरा भाग १९७० मध्ये प्रसिद्ध झाला.

विजयापुरीच्या बाजारपेठेच्या वर्णनात निरनिराळ्या देशांतील व्यापाऱ्यांचे रंगरूप, स्वभाव आणि त्यांच्या बोलीतील शब्द उद्योतनांनी टिपले आहेत. त्यांत मरहट्ठ व्यापाऱ्यांचाही समावेश आहे. मराठीच्या उगमाच्या चर्चेत हा उतारा वारंवार येतो. तो विद्वानांना आधीपासून माहीत होता. उपाध्ये यांच्या आवृत्तीमुळे तो संपूर्ण ग्रंथाच्या संदर्भात व पाठभेदांसह तपासणे शक्य झाले. आकाशात उडणाऱ्या घोड्याच्या कथेतच आठव्या शतकातील बाजारात ऐकू येणारी भाषाही जतन झाली आहे.

कथाविश्वाचा भूगोल

जैन कथांतील पात्रे ज्या विश्वात वावरतात त्याची मोजमापे सांगणारे स्वतंत्र ग्रंथ आहेत. यतिवृषभांचा तिलोयपण्णत्ती हा त्यांतील प्रमुख प्राकृत ग्रंथ होय. उपाध्ये यांनी हिरालाल जैन यांच्यासमवेत त्याचे संपादन केले. त्याचे दोन भाग १९४३ व १९५१ मध्ये सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेत प्रसिद्ध झाले. या वर्णनानुसार जंबूद्वीपाचा व्यास एक लाख योजने आहे. त्याभोवतीच्या लवणसमुद्राची रुंदी दोन लाख व त्यापलीकडील धातकीखंडाची चार लाख योजने असून पुढील प्रत्येक वलयाची रुंदी दुप्पट होत जाते. विजयार्ध पर्वताच्या दक्षिण श्रेणीवर विद्याधरांची ५० आणि उत्तर श्रेणीवर ६० नगरे सांगितली आहेत.

कथाकारांना हा भूगोल गृहीत असल्याने तो ठाऊक नसलेल्या वाचकाला विद्याधरांची ये-जा आणि पात्रांचे निरनिराळ्या लोकांतील पुनर्जन्म नीट उलगडत नाहीत. याच दोन विद्वानांनी संपादित केलेला पद्मनंदींचा जंबुदीवपण्णत्तिसंगहो १९५८ मध्ये निघाला. त्या ग्रंथासोबत लक्ष्मीचंद्र जैन यांचा तिलोयपण्णत्तीच्या गणितावरील अभ्यासही छापला आहे.

संशोधनपद्धती

उपाध्ये यांच्या आवृत्त्यांची रचना साधारणपणे ठराविक असे. प्रथम हस्तलिखितांचे वर्णन, नंतर पाठभेदांसह संहिता, आणि सोबत कवीचा काळ, कथासार, आधारग्रंथ, भाषा, छंद व नामसूची यांची चर्चा येई. कथेतील अद्भुत घटनांना त्यांनी भाबडी इतिहासकथा मानले नाही किंवा अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारले नाही. कोणत्या काळी, कोणत्या भाषेत, कोणत्या हेतूने ती घटना रचली गेली, हा त्यांचा प्रश्न असे. धार्मिक श्रद्धेचा विषय असलेल्या ग्रंथांनाही त्यांनी हीच कसोटी लावली.

संपादनकार्यात ते संघटकही होते. हिरालाल जैन यांच्यासह त्यांनी जीवराज जैन ग्रंथमाला आणि भारतीय ज्ञानपीठाची मूर्तिदेवी ग्रंथमाला यांचे प्रधान संपादकत्व सांभाळले. वरील ग्रंथांखेरीज योगींदूंचे परमात्मप्रकाश (१९३७), रामपाणिवादाचे कंसवहो (१९४०), रुद्रदासाची चंदलेहा (१९४५), घनश्यामाची आनंदसुंदरी (१९५५) आणि स्वामिकुमारांचे कार्तिकेयानुप्रेक्षा (१९६०) ही त्यांची उल्लेखनीय संपादने आहेत. कंसवहो, चंदलेहा व आनंदसुंदरी यांच्या प्रकाशनामुळे प्राकृतात ललित रचना अठराव्या शतकापर्यंत होत होती, हे ठळकपणे दिसून आले.

मर्यादा आणि महत्त्व

उपाध्ये यांच्या प्रमुख प्रस्तावना इंग्रजीत आहेत आणि त्या संशोधकांना उद्देशून लिहिलेल्या आहेत. परिणामी, ज्या महाराष्ट्रात या कथांतील काही घडतात आणि ज्यांच्या भाषेतून मराठी विकसित झाली, तेथील सामान्य वाचकापर्यंत त्या पोहोचणे कठीण राहिले. सोमदेवाच्या कथासरित्सागराइतकी लीलावई किंवा कुवलयमाला लोकपरिचित नाही.

असे असले तरी या ग्रंथांचा कोणताही अभ्यास आज त्यांच्या आवृत्त्यांना वगळून करता येत नाही. मोजक्या हस्तलिखितांवर टिकून असलेली संहिता छापील रूपात स्थिर झाल्यामुळे तिच्या नाशाचे भय कमी झाले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठी आणि प्राकृत या दोन्ही भाषांना अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. या दोन भाषांना जोडणाऱ्या महाराष्ट्री कथावाङ्मयाचे मोठे दालन अभ्यासकांना खुले करण्याचे कार्य उपाध्ये यांनी कोल्हापुरातून केले होते.